'पासून' आणि 'पर्यंत'

परवा दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. पुण्यात संगणकाच्या कंपनीत असतो. येताना म्हणाला, "आजी, या वेळी तुझ्या त्या रुमालाचं काम करून टाकू." रुमाल म्हणजे हातरुमाल नव्हे, हे घरच्या मंडळींना ठाऊक आहेच, पण नव्या वाचकांसाठी सांगते. जुने मोडी कागद चौकोनी फडक्यात बांधून ठेवायची पद्धत होती, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे असे हजारो रुमाल आहेत. आमच्या सासरच्या घरी एकच आहे. सासर वेल्ह्याकडचं. (आता त्या तालुक्याला राजगड म्हणतात, पण माझ्या जिभेला वेल्हेच सवयीचं आहे.) रुमालात लहानमोठे ६३ कागद. निवृत्तीनंतर मी मोडी शिकले ती मुख्यतः त्यांच्यासाठीच, आणि आठ-नऊ वर्षांत एका दोनशेपानी वहीत त्यांची यादी केली.

नातवाने दोन दिवसांत ती वही संगणकात उतरवली आणि शोधायची सोय करून दिली. 'वतन' लिहिलं की वतनाचे कागद समोर, 'पाटील' लिहिलं की पाटलांचे. मला कौतुक वाटलं. मग तो म्हणाला, "आता वर्ष सांग. कुठपासून कुठपर्यंत?"

मी म्हटलं, १७५० ते १८००.

अकरा कागद आले.

मी वहीची पानं उलटली. मला हवा होता तो कागद त्यात नव्हता. तो कोणता ते पुढे सांगते, पण त्या एका कागदामुळे आमचे चार दिवस गेले, आणि हा लेखही त्यामुळेच लिहिते आहे.

आधी ही 'पासून–पर्यंत'ची भानगड काय असते ते मला समजलं तसं सांगते.

शोधयंत्राची कामं दोन. एक म्हणजे गुण देणं. आपण शब्द दिला की कोणता कागद त्याच्याशी किती जुळतो याचे गुण लावून यंत्र क्रम लावतं. दुसरं काम चाळणीचं. तिथे गुण नाहीत, फक्त आत किंवा बाहेर. शाळेत प्रवेश देताना आधी वय बसतं का पाहायचं आणि मग गुणवत्ता यादी लावायची, तसंच हे. वर्षाची अट ही चाळण. १७६० चा कागद १७९० च्या कागदापेक्षा 'जास्त बसतो' असं काही नसतं. आणि चाळण एकदा केली की यंत्र ती आठवणीत ठेवू शकतं. पुन्हा तीच अट आली तर पुन्हा चाळायला नको.

ही चाळण चालते ती कागद आधीच क्रमाने लावलेले असतात म्हणून. हजेरीपटात २१ ते ३० क्रमांकाची मुलं काढायची तर आपण पहिल्यापासून वाचत बसत नाही. २१ वर बोट ठेवतो, ३० वर दुसरं, मधले सगळे आपले. फक्त दोन्ही टोकं आत धरायची की बाहेर, हे आधी ठरवावं लागतं. पस्तीसला पास म्हणजे ३५ आत. तिथे गफलत झाली तर एका पोराचं वर्ष जातं. नातू सांगत होता की ल्युसीन नावाचं एक शोधयंत्र आहे, डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेलं, आणि आजची कितीतरी शोधयंत्रं त्याच्यावर उभी आहेत. त्यात टोक आत धरायचं तर चौकटी कंस आणि बाहेर ठेवायचं तर महिरपी कंस लिहितात. गणिताच्या बाईंना हे आवडलं असतं.

पण क्रम म्हणजे कोणता क्रम? पहिली ठेच इथेच लागली.

मी गंमत म्हणून त्याला म्हटलं, "पर्यंत सोडून दे. नुसतं १७५० पासून पुढे काढ." तर यादीच्या शेवटी एका महजराची नक्कल आली, तिच्यावर वर्ष '७१'. सतराशे पन्नासच्या पुढे एकाहत्तर! नातवाने कपाळाला हात लावला. माझ्या वहीत वर्षाच्या रकान्यात कुठे आकडे होते, कुठे शब्द. म्हणून त्याने तो रकाना मजकूर समजून भरला होता. आणि मजकुराचा क्रम शब्दकोशाचा असतो. पहिलं अक्षर पाहायचं, ते सारखं असेल तर दुसरं. त्या हिशेबाने १ नंतर १०, मग ११, आणि २ कितीतरी खाली. ७१ हा १७५० च्या नंतर, कारण ७ हा १ च्या नंतर.

ही चूक त्याची एकट्याची नव्हे. ल्युसीनमध्येही सुरुवातीला सगळं मजकूर म्हणूनच असायचं. आकडे नीट लागावेत म्हणून लोक डावीकडे शून्यं जोडायचे, ००७१ असं. तारीख लिहायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. त्या वेळचं यंत्र 'पासून–पर्यंत'मध्ये येणारी प्रत्येक नोंद एकेक करून मोजायचं, आणि अशा नोंदी १०२४ च्या वर गेल्या की हात वर करायचं. २००९ मध्ये त्यांनी युक्ती केली. प्रत्येक आकडा एकट्यानेही नोंदवायचा आणि मोठ्या गठ्ठ्यातही नोंदवायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर १७५३ ते १७९८ हवं असेल तर १७५३ ते १७५९ सुटे घ्यायचे, साठ, सत्तर आणि ऐंशीची दशकं अख्खी उचलायची, आणि नव्वदच्या दशकातले पुन्हा सुटे. शेकडो पाट्या वाचण्याऐवजी मोजके कप्पे उघडायचे. २०१६ मध्ये त्याहून चांगली रचना आली म्हणे. ते मला समजलं नाही आणि मी समजल्याचा आवही आणला नाही.

तर नातवाने रकाना आकड्यांचा केला आणि म्हणाला, "झालं, आजी!" पुन्हा १७५० ते १८००. पुन्हा अकराच. आता चूक माझी होती.

७१ हा आकडा होता राज्याभिषेक शकाचा. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६, इंग्रजी ६ जून १६७४ पासून हा शक चालू झाला. त्याचं ७१ वं वर्ष म्हणजे १७४४-४५. मी वहीत कुठे इसवी सन काढून लिहिला होता, कुठे कागदावर होतं तसंच उतरवलं होतं. माणूस वाचताना समजून घेतो. यंत्र आकडा म्हणजे आकडा समजतं.

आपल्या जुन्या कागदांतली वर्षं म्हणजे एका घरात पाच घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. उदाहरण म्हणून १७७२ च्या पावसाळ्यात चालू असलेलं वर्ष घ्या. ते शालिवाहन शकाने १६९४. संवत्सर नंदन. राज्याभिषेक शक ९९. फसली ११८२. हिजरी ११८६. आणि पेशवाईच्या कागदांत नेहमी दिसणाऱ्या सुहूर सनाने ११७३. हा सुहूर सन आकड्यात नाही, अरबी शब्दांत लिहितात आणि तोही उलटा, एकं आधी: 'सलास सबैन मया व अलफ'. तीन, सत्तर, शंभर आणि हजार. शब्दकोशाच्या क्रमाने लावले तर हे शब्द इतिहासाची खिचडी करतील. सुहूर सन बदलतो मृग नक्षत्र लागलं की, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. पेरणीला वर्ष सुरू. शेतसाऱ्याच्या सोयीचं वर्ष. आमच्या शाळेचं वर्षही साधारण तेव्हाच सुरू व्हायचं, त्यामुळे मला त्या सनाबद्दल उगाच आपुलकी वाटते.

आता मला हवा असलेला कागद. त्याच्यावर नेमकं हेच साल आहे, सलास सबैन मया व अलफ. वहीत मी शहाणपणा करून फक्त '११७३' लिहिलं होतं. यंत्राने तो इसवी सन ११७३ समजून बाजूला टाकला. देवगिरीच्या यादवांचं स्वतंत्र राज्य अजून व्हायचं होतं, आणि त्या काळात आमच्या घराण्याचा पेशव्यांच्या नावाचा कागद! शके १७१६ चा एक कागद, म्हणजे १७९४-९५ चा, तोही असाच बाहेर राहिला होता, कारण १७१६ हे १७५० च्या आधीचं. आणि शके १७५५ चा म्हणजे १८३३-३४ चा एक कागद त्या अकरांत पाहुण्यासारखा ऐटीत बसला होता. पेशवाई बुडून पंधरा वर्षं झालेली, पण आकडा चाळणीतून गेला.

मी म्हटलं, सोपं आहे. सुहूर सनात ५९९ मिळव, शकात ७८ मिळव, की इसवी सन. नातू लिहू लागला आणि माझ्याच मनात पाल चुकचुकली. कारण असंच ७८ मिळवून महाराष्ट्रातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या तारखेचं काय होतं हे मला माहीत होतं. आणि ती तारीख देणारा कागद आमच्या भोरातलाच.

भोरहून आंबवड्याच्या पुढे, रायरेश्वराच्या पायथ्याकडे कारी गाव आहे. रोहिडखोऱ्याचे देशमुख जेधे इथले. कान्होजी जेध्यांची समाधी आंबवड्याला आहे. या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती. लोकमान्य टिळकांना ती मिळाली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाने ती छापली. शकावली म्हणजे वर्षवार लावलेल्या छोट्या छोट्या नोंदी. शके १५४० पासून १६१९ पर्यंत, ऐंशी वर्षांच्या. विचार केला तर ही आपल्याकडची क्रमवार लावलेली अनुक्रमणिकाच. कोणीतरी घराण्यातल्या आणि राज्यातल्या घटना वर्षाच्या खुंटीला टांगून ठेवल्या, म्हणजे पुढच्या माणसाला 'या वर्षापासून त्या वर्षापर्यंत काय घडलं' हे विचारता यावं.

तोवर शिवजन्माचं साल बखरींच्या आधारे शके १५४९, म्हणजे १६२७, धरत असत. जेधे शकावलीत ते निघालं शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, वार शुक्रवार, नक्षत्र हस्त. नुसता आकडा असता तर लेखनिकाची चूक म्हणून सोडून देता आला असता. पण संवत्सराचं नाव, तिथी, वार, नक्षत्र असे साक्षीदार बरोबर होते, आणि ते गणिताने पडताळता येतात. १५५१ ला शुक्लच येतं; १५४९ ला प्रभव येतं. पुढे बराच वाद झाला, आणखी पुरावे पुढे आले, आणि अखेर राज्य शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख स्वीकारली. हे आता शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे.

आता या १५५१ मध्ये ७८ मिळवून पाहा. १६२९ येतं!

फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना. शके १५५१ चैत्रात सुरू झालं तेव्हा १६२९ चालू होतं. फाल्गुन येईतो इंग्रजी वर्ष बदललं होतं. तिथे ७९ मिळवावे लागतात. सरसकट ७८ चा नियम यंत्राला दिला आणि '१६३० पासून पुढे' असं विचारलं, तर शिवजन्माची नोंदच चाळणीतून खाली पडेल. आणि पडल्याचा आवाजही होणार नाही.

इथे आणखी एक खोच आहे. १९ फेब्रुवारी ही तारीख त्या वेळच्या जुन्या, म्हणजे जूलियन कॅलेंडरची. इंग्रजांनी नवं ग्रेगरी कॅलेंडर घेतलं ते १७५२ मध्ये. त्या वर्षी २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. संगणकाच्या बऱ्याच प्रणाली मात्र आजचंच कॅलेंडर मागे मागे ताणत नेतात. त्या हिशेबाने शिवजन्माचा तो शुक्रवार १ मार्च १६३० ला येतो. दिवस तोच, वार तोच, पण फेब्रुवारी महिन्याची चाळण लावली तर एका हिशेबाने आत आणि दुसऱ्याने बाहेर. तेव्हा कोणत्या कॅलेंडरची तारीख आहे हे शेजारी लिहिल्याशिवाय तारीख लिहूच नये.

जुन्या संशोधकांनी हे सगळं हाताने केलं. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली. १९३० मध्ये शिवकालीन पत्रसारसंग्रह निघाला, त्यात पत्रांचे सारांश तारीखवार लावलेले. त्याच्या प्रत्येक नोंदीमागे कोणीतरी जंत्री उघडून तिथी, वार, संवत्सर जुळवत बसलेलं आहे. स्वामीकन्नू पिल्ले यांनी तर १९२२ मध्ये इसवी ७०० पासून १७९९ पर्यंतच्या अकराशे वर्षांचं पंचांग छापलं. आज नातवाचं यंत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत चाळतं ते त्यांनी आयुष्य घालवून लावलेलं आहे. एवढं लावलेलं नसेल तर यंत्रालाही चाळता येत नाही.

आता आमच्या कागदाकडे वळू. त्याच्यावर सनाबरोबर महिना आहे, जिल्काद. 'छ'च्या पुढचा तारखेचा आकडा वाळवीने खाल्लेला. ११७३ मध्ये ५९९ मिळवले तर १७७२, म्हणजे थोरल्या माधवरावांचा काळ. पण हिजरी ११८६ चा जिल्काद पडतो १७७३ च्या २४ जानेवारीपासून २२ फेब्रुवारीपर्यंत. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ लाच थेऊरला वारले होते. म्हणजे हा कागद नारायणरावांच्या त्या जेमतेम साडेआठ महिन्यांच्या पेशवाईतला. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात त्यांचा खून झाला, त्याच्या सहा-सात महिने आधीचा.

कागदात काय आहे? एका बाईचा अर्ज. नवरा गेला आहे, मुलगा लहान आहे, भाऊबंद हक्क दाबू पाहतात, तरी वतन मुलाच्या नावे चालवावं. ६३ कागदांत पुरुषांची नावं शेकड्याने आहेत, अमका बिन तमका, तमका बिन अमका. बाईचं नाव असलेला कागद हा एकच. तिच्या नावापुढे 'कोम', म्हणजे अमक्याची बायको, आणि मग नवऱ्याचं नाव. तिचं नाव इथे लिहीत नाही. घरच्यांना मी फोनवर सांगितलंच आहे. ती उभी राहिली नसती तर वतन गेलं असतं आणि आम्ही कोणी त्या गावचे राहिलो नसतो. तिची सून, तिची सून असं करत मी त्या घरात आले. आणि मीच वहीत चार आकडे आळसाने लिहून तिला यादवांच्या आधी नेऊन बसवलं होतं.

रात्री झोप आली नाही. कारण त्याच दिवशी मला आणखी एक तारीख आठवली होती, तीही माझ्याच हातची.

मी १९७२ मध्ये नोकरीला लागले. पहिली काही वर्षं कानद खोऱ्यातल्या एका वाडीवर, तोरण्याच्या सावलीत. जूनमध्ये आया पोरांना घेऊन यायच्या. जन्मतारीख विचारली की पदर तोंडाला लावायच्या. एक म्हणायची पानशेत फुटलं त्या साली, दुसरी म्हणायची दुष्काळाच्या आधी. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, दुष्काळ १९७२ चा. आज कळतं की त्या बाया 'पासून–पर्यंत'च सांगत होत्या, आणि अगदी प्रामाणिकपणे सांगत होत्या. जेवढं माहीत तेवढंच.

आणि आम्ही काय करत होतो? दिवस-महिना कळला नाही की जनरल रजिस्टरला लिहायचं, १ जून. तशी रीतच होती. माझ्या वयाच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं एवढी का, याचं उत्तर आमच्या टाकांत आहे.

१९७४ च्या जूनमध्ये एक आई म्हणाली होती, "बाई, भूकंपानंतरच्या आखाडात झालाय. चिखलनी चालू व्हती." भूकंपानंतरचा आषाढ म्हणजे १९६८ चा, २६ जून ते २५ जुलै. एवढा नेमका पुरावा तिने दिला होता. मी लिहिलं १ जून १९६८. रांगेत आणखी वीस जणी उभ्या होत्या.

तो मुलगा पुढे शिकला, सरकारी कचेरीत कारकून झाला. मध्यंतरी त्याचा फोन आला होता. सेवापुस्तकात निवृत्तीची तारीख पडली ३१ मे २०२६. नियम असा की ५८ पुरी होतील त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती. पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आदल्याच महिन्याच्या अखेरीस. टोक आत की बाहेर, तोच प्रश्न! आषाढातली १ जुलैनंतरची कुठलीही तारीख लिहिली असती तर तो ३१ जुलैला निवृत्त झाला असता, आणि १ जुलैची वार्षिक वेतनवाढ त्याच्या पदरात पडून निवृत्तिवेतन तेवढं वाढलं असतं. जन्मभराचा फरक. तो रागावला नव्हता. म्हणाला, "बाई, आई गेली आता. पण ती नेहमी सांगायची, मी बाईंना आखाड सांगितला होता म्हणून." मी काय बोलणार? रजिस्टरातली तारीख नोकरीच्या शेवटी बदलत नाही.

आता त्याच जुन्या रजिस्टरांना पुन्हा मोल आलं आहे. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणून लोक आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधत फिरतात. एका तारखेच्या अलीकडे की पलीकडे, एवढ्यावर घरादाराचं पुढचं ठरतं. त्या नोंदी कुणी कशा लिहिल्या होत्या हे आम्हा मास्तर-बायांनाच माहीत.

असो. सकाळी नातवाला उठवलं आणि म्हटलं, "एका कागदाला एक तारीख लिहायची नाही. दोन लिही. याच्या आधीचा नक्की नाही, आणि याच्या नंतरचा नक्की नाही."

तो हसला. म्हणाला, "आजी, अशी सोय आहेच की." इलॅस्टिकसर्च नावाच्या ल्युसीनवरच्याच यंत्रात २०१७ पासून तारखेच्या जागी तारखांचा पट्टा ठेवता येतो. मग विचारताना सांगायचं की कागदाचा पट्टा माझ्या प्रश्नाच्या पूर्ण आत हवा, की नुसता शिवला तरी चालेल. दोन्ही विचारायचे. पूर्ण आत असलेले ते नक्की. नुसते शिवणारे ते कदाचित. हिशेबही सोपा आहे. कागदाचा शेवट माझ्या 'पासून'च्या आधी नसावा, आणि कागदाची सुरुवात माझ्या 'पर्यंत'च्या नंतर नसावी. झालं, शिवला.

मग आम्ही दोघांनी ६३ कागदांना दोन-दोन तारखा दिल्या आणि शेजारच्या रकान्यात कागदावरचा मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवला. 'जिल्काद, सलास सबैन मया व अलफ' याला २४ जानेवारी १७७३ ते २२ फेब्रुवारी १७७३. एका कागदावर नुसतं 'प्लवंग संवत्सर' आहे. साठ वर्षांनी संवत्सर पुन्हा येतं, त्यामुळे तो १७८७-८८ चा किंवा १८४७-४८ चा. त्याला दोन पट्टे दिले. एकावर 'मयातैन व अलफ', बाराशे, म्हणजे १७९९ च्या मृगापासून १८०० च्या मृगापर्यंत. तेव्हा '१८०० पर्यंत' म्हणजे वर्षाच्या आरंभापर्यंत की अखेरपर्यंत, हे ठरवावं लागलं. आरंभापर्यंत ठरवलं. ज्यांना कसलीच तारीख नाही त्यांचा गठ्ठा वेगळा. पण प्रत्येक शोधाच्या खाली 'तारीख नसलेले एवढे' असा आकडा दिसेल असं नातवाने केलं. ते मला फार आवडलं. नसलेल्याचीही हजेरी लागली पाहिजे.

शेवटी पुन्हा विचारलं, १७५० ते १८००. नक्की चौदा, कदाचित दोन. शके १७५५ चा पाहुणा आपल्या घरी गेला होता. आणि चौदांत ती होती.

नात्यातल्या मंडळींना एक विनंती. तुमच्याकडे जुने कागद असतील तर फोटो काढून पाठवा, पण वर्ष स्वतः काढून फक्त इसवी सनात पाठवू नका. कागदावर जे आहे तेच शब्द पाठवा, वाचता न आलेल्या जागी रेघ ओढा. आणि घरात कोणी म्हातारी माणसं 'अमुक पुराच्या आधी, तमुक लग्नानंतर' असं सांगत असतील, तर हसू नका. तसंच्या तसं लिहून घ्या. मी एकदा घेतलं नाही.